कलेच्या दारी शहापूर-मुरबाडची मुले

आमच्या शहापूर-मुरबाडकडे हल्ली ‘व्हिला’ हा शब्द भलताच बोकाळला आहे. कल्याणहून मुरबाडची एस.टी. धरा, नाहीतर नाशिक महामार्गाने शहापूरकडे या. थोड्या थोड्या अंतरावर एक भला थोरला फलक उभा दिसेल. त्यावर हिरवळ, पोहण्याचा निळाशार तलाव, वेताच्या खुर्चीत रेललेले एक सुखी जोडपे आणि वर ठळक अक्षरे : ‘तुमच्या स्वप्नातला व्हिला.’ ज्यांच्या भातखाचरांवर ही स्वप्ने उगवतात त्या शेतकऱ्याला मात्र हा शब्द उच्चारताना जीभ दोनदा वळवावी लागते.

बारावीच्या मराठीच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, “मॅडम, बंगला आणि व्हिला यांत फरक काय?” वर्ग हसला. मराठीच्या तासाला असल्या प्रश्नाचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण शब्दाचा प्रश्न आला की तो आमच्याच खात्यातला, अशी माझी समजूत आहे. मी सांगितले, की शब्द मूळचा लॅटिन. रोमच्या श्रीमंतांचे शहराबाहेर, शेतीवाडीत जे घर असे त्याला व्हिला म्हणत. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात, ज्या काळाला युरोपात रेनेसाँस आणि आपण प्रबोधनकाळ म्हणतो त्या काळात, इटलीतल्या धनिकांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी असली घरे पुन्हा हौसेने बांधली. चित्रे, पुतळे, कारंजी आणि बागा यांनी ती नटवली.

मग रोमच्या ‘व्हिला मेदिची’ची गोष्ट सांगणे ओघानेच आले. पिंचो नावाच्या टेकडीवर हे घर उभे आहे. फेर्दिनांदो दे मेदिची या कार्डिनलने ते १५७६ साली विकत घेतले, वाढवले आणि सजवले. बागेकडच्या भिंतीत त्याने प्राचीन रोमन शिल्पांचे तुकडे बसवून घेतले. म्हणजे घराची भिंत हेच एक संग्रहालय झाले. आज या घरात कुणी राजेरजवाडे राहत नाहीत, कलावंत राहतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत १६६६ साली रोममध्ये फ्रेंच कला अकादमी निघाली होती. ती १८०३ मध्ये, नेपोलियनच्या काळात, या घरात आली ती आजतागायत तिथेच आहे. फ्रान्समध्ये चढाओढीची परीक्षा होई आणि तीत पहिले येणारे तरुण चित्रकार, शिल्पकार, वास्तुशिल्पी, संगीतकार सरकारी खर्चाने काही वर्षे इथे राहत. जुन्या कलाकृतींच्या नकला करून त्या पॅरिसला धाडणे हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग असे. ती परीक्षा १९६८ साली बंद झाली, निवडीची रीत बदलली. पण घराचा उपयोग तोच राहिला.

“मॅडम, आपल्याकडं असं घर नाही का?”

हा प्रश्न आला मागच्या बाकावरून.

मागच्या बाकावरची मुलगी

ही मुलगी तासाला फारशी बोलत नसे. शहापूर तालुक्यातल्या एका वारली पाड्यावरून ती येई. तिच्या वहीचे समास मला ठाऊक होते. निबंध पानभर आणि समासात बैल, सुपे, माडावर चढणारी माणसे, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग! शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी आग्रह केला म्हणून ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांना बसली होती आणि दोन्हींत तिला वरची श्रेणी मिळाली होती. पुढे काय, याचा विचार मात्र घरात कुणी केलेला नव्हता.

तिचे वडील एकदा दाखल्याच्या कामाला महाविद्यालयात आले होते. मी विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, चित्रं काढून पोट भरतं का? आनि चित्रंच काढायची तर मुंबैला कशाला जायला पायजे? आमच्या घरच्या बाया चौक लिव्हतातच की!”

वारली लोक लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला हे क्रियापद फार मोलाचे वाटते. गेरूने आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्यात बांबूची चघळलेली काडी बुडवून सवाशिणी देवचौक लिहितात आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. ज्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या घरच्या बापाने मुंबईच्या कलाशाळेची गरज काय, असे विचारावे, यात अडाणीपणा काहीच नव्हता. उलट प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते.

म्हणून वर्गात “आपल्याकडं असं घर नाही का?” असा प्रश्न आला, तेव्हा मी म्हटले, “आहे. प्रबोधनकाळातलं नाही आणि व्हिलाही नाही. पण कलेचं घर आहे, आणि ते आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनासमोर आहे. जाऊन पाहू.”

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाय कलाशाळेची, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘जे.जे.’ची सहल अशी ठरली. रीतसर पत्र लिहून परवानगी घेतली, आणि जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही सव्वीस विद्यार्थी, दोन शिक्षक आणि दोन पालक निघालो. दोन पालकांपैकी एक त्या मुलीचे वडील. मुलीला एवढ्या लांब पाठवायचे तर आपण बरोबर असलेले बरे, हा त्यांचा हिशेब.

पहिले प्रदर्शन स्टेशनातच

मुरबाडला अजून रेल्वे पोहोचलेली नाही. तिकडची मुले एस.टी.ने कल्याणला आली. शहापूरची आसनगावला लोकलमध्ये बसली. कल्याणला दोन्ही तालुके एका डब्यात गोळा झाले आणि मग भाकरी, ठेचा आणि चिवडा यांची जी देवघेव झाली तिचे वर्णन करत बसत नाही. वाचकांनीही लहानपणी सहली केल्याच असतील.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर मी मुलांना फाटकाकडे पळू दिले नाही. बाहेर आणून रस्त्याच्या पलीकडे उभे केले आणि म्हटले, “आता वर पाहा.” फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यावरून १८७८ साली या इमारतीचे काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रोज लाखो माणसे तिच्या पोटातून येतात-जातात, पण मान वर करायला कुणाला सवड नसते. दगडात मोर आहेत, माकडे आहेत, पाने-फुले-वेली आहेत. हे कोरीवकाम सजवण्यात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. जॉन ग्रिफिथ्स हे त्यांचे गुरू.

“म्हंजी पोरांनी केलं हे?” त्या मुलीच्या वडिलांनी विचारले.

“हो. शिकणाऱ्या मुलांनी.”

ते बराच वेळ वर पाहत राहिले. गवंड्याच्या हाताखाली त्यांनी दोन-तीन हंगाम काम केले होते. दगडाचे मोल ते जाणत होते.

बाटल्या विकणाऱ्याचे दान

स्टेशनपासून दादाभाई नौरोजी मार्गाने मंडईच्या दिशेने चालत गेले की जे.जे.चे आवार लागते. फाटकातून आत गेल्याबरोबर रस्त्याचा कोलाहल मागे पडतो. मोठमोठी झाडे, त्यांच्या सावलीत मांडी घालून रेखाटन करणारी मुले, आणि समोर दगडी कमानींची इमारत. १८७८ सालची ही इमारत गॉथिक धर्तीची आहे. म्हणजे प्रबोधनकाळाच्याही आधीच्या युरोपीय घाटाची, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उचललेली.

ही शाळा निघाली ती मात्र आणखी आधी, १८५७ साली. जमशेटजी जीजीभाय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. १७८३ साली जन्मलेला हा पारशी गृहस्थ लहानपणीच पोरका झाला. जुन्या बाटल्यांच्या धंद्यामुळे त्याला ‘बाटलीवाला’ म्हणत. पुढे चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार करून तो अफाट श्रीमंत झाला. अफूचा पैसा आणि त्यातून कलाशाळा, हे ऐकून एका मुलाने भुवया उंचावल्या. मी त्याला गप्प केले नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा पैसाही सावकारीतूनच आला होता. कलेच्या घरांचे पाये खणायला गेले तर असले बरेच काही हाती लागते, आणि ते मुलांना कळलेले बरे.

या आवारातच एक हिरव्या रंगाचा जुना बंगला आहे. अनेक वर्षे शाळेचे प्रमुख तिथे राहत. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग हा शिल्पकार इथे शिकवायला आला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्याला याच आवारात मुलगा झाला. हाच पुढे ‘जंगल बुक’ लिहिणारा आणि १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळवणारा रुडयार्ड किपलिंग. तो जन्मला ते मूळ घर आता नाही. हा बंगला नंतर त्या जागी उभा राहिला. मुलांना मोगली ठाऊक होता, त्याचा लेखक इथे रांगला असेल हे ठाऊक नव्हते. बंगल्यापुढे फोटो काढण्याची अशी झुंबड उडाली की कलाशाळा बाजूलाच राहते की काय, अशी मला भीती वाटली.

डोळे नसलेले पुतळे

आम्हांला आवार दाखवायला चौथ्या वर्षाचा एक विद्यार्थी आला होता. मूळ कोकणातला, बोलायला मोकळा. त्याने एका उंच छताच्या दालनात नेले. तिथे प्लास्टरचे पुतळे उभे होते : ग्रीक देव, रोमन वीर, कुणाला हात नाही, कुणाला पाय नाही. जुन्या काळी युरोपातल्या प्रत्येक कलाशाळेत असे ठसे असत. अस्सल पुतळे रोमला किंवा पॅरिसला. त्यांच्या साच्यांतून काढलेल्या प्रती जगभर जात आणि विद्यार्थी त्यांवरून महिनोन्‌महिने रेखाटन करत. जे.जे.तही तीच पद्धत आली. कोल्हापूरचा एखादा मुलगा मुंबईला येई आणि पहिल्याप्रथम अपोलोचे नाक काढायला शिके!

त्या मुलीने एका मुखवट्याकडे टक लावून पाहिले आणि हळूच म्हटले, “मॅडम, यांना डोळ्यांत बाहुल्याच नाहीत.”

आमच्या वाटाड्या विद्यार्थ्याने खुलासा केला. मूळचे ग्रीक पुतळे रंगवलेले असत. केस, ओठ, डोळ्यांतल्या बाहुल्या, सारे रंगाने दाखवलेले असे. शतकांच्या ऊनपावसात रंग उडाला आणि पांढरा दगड उरला. प्रबोधनकाळातल्या लोकांच्या हाती हे पुतळे लागले ते असे पांढरेच. त्यांना वाटले, सौंदर्य म्हणजे असाच शुभ्र दगड. मग साऱ्या युरोपाने तसेच पुतळे घडवले, आणि तीच आवड जहाजात बसून मुंबईला आली.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याही चौकातल्या माणसांना डोळे नसतात. पण ती नाचतात ते कळतं.”

वाटाड्या विद्यार्थी तिच्याकडे पाहतच राहिला. नंतर त्याने तिला आपली रेखाटनाची वही दाखवली, जी त्याने आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला दाखवली नाही.

कलाशाळा आमच्या जिल्ह्यात शिकायला आली होती

आता मी मुलांना ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी मी त्यांना आणले होते. नुसते ग्रीक पुतळे गिरवून ही शाळा मोठी झाली नाही. शाळा सुरू होऊन पुरे एक तपही झाले नव्हते, तेव्हा १८६८ साली इथल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी टेरी नावाच्या शिक्षकाबरोबर आमच्या ठाणे जिल्ह्यात आली होती. कशाला? अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटने करायला आणि तिथल्या शिल्पांचे ठसे घ्यायला.

अंबरनाथचे देऊळ मुलांनी पाहिलेले होते. महाशिवरात्रीच्या जत्रेला त्यांतली निम्मी दर वर्षी जातात. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. शिलाहार राजांच्या काळातले ते काम आहे. पण त्या देवळाच्या भिंतीपुढे दीडशे वर्षांपूर्वी कलाशाळेची मुले बसली होती, हे कुणाला ठाऊक नव्हते. दगडी मूर्तीचा ठसा घेणे हे चिकाटीचे काम. मूर्तीला इजा होऊ न देता साचा चढवायचा, वळणावळणांनुसार त्याचे तुकडे करून तो सोडवायचा, ते तुकडे पुन्हा जुळवून आत प्लास्टर ओतायचे. ज्याने एका अप्सरेचा असा साचा काढला त्याच्या बोटांना त्या अप्सरेचे प्रत्येक वळण आयुष्यभर आठवत असणार.

असल्या कामाची किंमत आम्हां मुरबाडकरांना निराळी सांगायला नको. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की वरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती एकेकाळी कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका अशी त्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत आजही वाचता येतात. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या. कुणी वेळीच रेखाटन करून ठेवले असते तर आज नागनिकेचे रूप आपल्याला दिसले असते.

अंबरनाथपाठोपाठ अजिंठ्याची पाळी आली. ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. इंग्लंडला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळशा आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ निघाला. म्हणजे पाहा, व्हिला मेदिचीतले फ्रेंच विद्यार्थी रोमचे अवशेष गिरवत होते, आणि त्याच शतकात आमची मुले अंबरनाथ आणि अजिंठा गिरवत होती.

शिक्षणाची ही दोन टोके कुठे जुळली, ते १८९६ साली दिसले. गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ नावाची मूर्ती घडवली. हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाच्या वाटेवर निघालेली नऊवारी लुगड्यातली तरुणी. लुगड्याच्या चुण्या कशा पडाव्यात, शरीराचा तोल कसा राहावा, हे कौशल्य त्या प्लास्टरच्या ग्रीक देवतांकडून आलेले. पण ती चालणारी बाई आपल्या आळीतली. म्हात्र्यांचे तेव्हा विसावे वर्ष उलटत होते. या एका मूर्तीने त्यांचे नाव साऱ्या देशात झाले.

“मुली होत्या का हो त्या वेळी इथं?” एका विद्यार्थिनीने विचारले.

सुरुवातीला नव्हत्या, असेच म्हणायला हवे. रोमची ती मानाची शिष्यवृत्ती शिल्पकलेत प्रथम एका स्त्रीला मिळाली ती १९११ साली, ल्युसिएन उव्हेलमान्स हिला. तोवर अकादमी स्थापन होऊन जवळजवळ अडीचशे वर्षे लोटली होती. आपल्याकडे चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या कन्या अंबिका धुरंधर १९३१ साली जे.जे.तून पदविका घेऊन बाहेर पडल्या. इथली पदविका मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. त्यांना निदान घरात चित्रकार वडील होते. आमच्या मुलीच्या घरात चित्रकार आहे ती आजी, आणि तिचे नाव कुठल्याच पदविकेवर नाही.

मंडईच्या दारावरचे शेतकरी

दुपारी डबे खाल्ले. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी वाटाड्या विद्यार्थ्याला गाठले.

“काय रं पोरा, घरी पैसे धाडतोस का?”

“नाही काका, अजून तरी मीच मागवतो.” सगळे हसले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, “गणपतीत सजावटीची कामं करतो, भिंती रंगवतो, त्यात माझा खर्च निघतो. इथं नुसती चित्रकला नाही. मूर्तिकाम आहे, मातीची भांडी आहेत, कापडावरची नक्षी आहे, धातूकाम आहे. चित्रकलेचा शिक्षकही होता येतं. पण काका, पहिली काही वर्षं ओढग्रस्तीची असतात. खोटं कशाला सांगू?”

हे प्रामाणिक उत्तर त्यांना पटलेले दिसले. गोड गोड बोलणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नसतो; जमिनीच्या दलालांनी तो कधीच घालवला आहे.

परतताना आम्ही जवळच्याच क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईकडे वळलो. १८६९ सालच्या या मंडईच्या दरवाजावरच्या दगडी पट्ट्यांत लॉकवुड किपलिंगने शेतकरी कोरले आहेत. खाली फळांचे ढीग, टोपल्या, हमाल आणि मोटारींचे भोंगे. वर शेतात राबणारी माणसे, दीडशे वर्षे तशीच. वडील थबकले. डोक्यावरची टोपी मागे सारून त्यांनी नीट पाहिले.

“ही तर आमच्यावानी माणसं हायत.”

मी त्यांना सांगितले, की हे कोरणारा माणूस आपण पाहिलेल्या त्या शाळेत शिकवत होता. ते म्हणाले, “म्हंजी त्यो इलायतेचा मानूस आमाला बघाया शिकला. आता आमच्या पोरीनं शिकलं तर काय बिघडंल?”

त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी दिवसभर शोधत होते. ते त्यांनीच असे देऊन टाकले.

पाण्याची वाट आणि मुलांची वाट

गाडीत मुले पेंगली होती. मला एक गोष्ट राहून राहून आठवत होती. १८९२ सालापासून मुंबई तानसेचे पाणी पिते. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आमच्या शहापूर तालुक्यातून जाडजूड नळ मुंबईकडे जातात, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. महामार्गही आमच्या जमिनींवरून जातात आणि व्हिलाही आमच्याच शेतांवर उठतात. देण्याची वाट इतकी रुंद आहे. मग येण्याची एखादी पायवाट तरी आमच्या मुलांना का असू नये?

आणि ती पायवाट शहरालाही लाभाचीच आहे. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, वारली पाड्यांवर फिरले आणि त्यांनी तिथल्या लोकांच्या हाती कागद दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागद असे भरले की देशोदेशींच्या रसिकांनी त्यांच्यापुढे मान लववली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. आज दिवाळीच्या पणत्यांवर, पडद्यांवर, भेटकार्डांवर वारली नक्षी छापून विकली जाते. या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दिवाणखान्यात ती असेल. ती नक्षी कुणी तरी विकते आणि कुणी तरी विकत घेते. जिच्या घरात ती जन्मली, त्या मुलीला रंगाचे, कापडाचे, छपाईचे शास्त्र शिकून आपल्या चित्राचा भाव स्वतः ठरवता यावा, एवढीच इच्छा आहे.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांना घेऊन एका रविवारी निघा. स्टेशनासमोर उभे राहून वर पाहा, मंडईच्या दारावरचे शेतकरी दाखवा. कलाशाळेत हिवाळ्यात विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन भरते, तेव्हा तिच्या फाटकातून आत जा. २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. पण पाटी बदलली तरी झाडाखाली बसून रेखाटणारी मुले तीच आहेत. त्यानंतर एखाद्या दिवशी उलटी लोकल धरून आमच्याकडेही या. अंबरनाथ पाहा, आणि जमले तर नाणेघाट चढा.

त्या मुलीचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. सहलीनंतर आठवड्याने तिचे वडील जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका एका पिशवीत घालून आले. “मॅडम, फारमाला आनि काय काय लागतं?” एवढेच ते बोलले. मुलगी प्रवेशपरीक्षेला बसली, यादीत आली आणि आता मुंबईत वसतिगृहात राहून पहिल्या वर्षात शिकते आहे. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. “मॅडम, आठ दिवस झाले, एकच मडकं काढायला लावलंय.” वडिलांना हे कळल्यावर ते म्हणाले, “आठ दिस? आमचा कुंभार तेवढ्यात शंभर करंल!” पण परत ये, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत ती पाड्यावर येणार आहे. माघात तिच्या मावसभावाचे लग्न आहे, त्यालाही ती येईल. चौक सवाशिणीच लिहितात, तेव्हा तिला भिंतीला हात लावता येणार नाही. आजी लिहील, आणि ती वही घेऊन शेजारी बसून रेघ न्‌ रेघ उतरवून घेणार आहे.